मुक्त प्रणालीवर संस्थेचे हिशेब : उभारणी आणि मांडणी

सहकारी ग्राहक भांडारे, शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गटांचे संघ आणि तालुक्याच्या ठिकाणचे लघुउद्योग यांचे हिशेब गेल्या काही वर्षांत रोजकीर्द-खतावणीच्या वह्यांतून संगणकावर येऊ लागले आहेत. हे स्थित्यंतर स्वागतार्ह आहे. परंतु ते होत असताना एका प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वही संस्थेच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली सचिवाकडे. संगणकावरील हिशेबाची किल्ली कोणाकडे असते? प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ गाव सोडून गेला, पुरवठादाराने वर्गणी वाढविली किंवा व्यवसायच बंद केला, तर मागील पाच वर्षांची खतावणी संस्थेला वाचता येईल काय? लेखापरीक्षक समोर येऊन बसल्यावर हा प्रश्न सुचून उपयोग नसतो.

प्रस्तुत लेखात एका मुक्त स्रोत व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीची उभारणी तिच्या मूळ संहितेपासून कशी केली जाते, याची माहिती दिली आहे. आज्ञा टंकित करण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे. तथापि त्या कामात कोणते निर्णय दडलेले असतात, हे संस्थेचे पदाधिकारी, त्यांना मार्गदर्शन करणारे अधिकारी आणि गावातील शिक्षक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यांपैकी काही निर्णय व्यवहार सुरू झाल्यानंतर फिरविता येत नाहीत.

मुक्त याचा अर्थ

संगणकाची प्रणाली ज्या मजकुराच्या रूपाने लिहिली जाते त्याला तिची मूळ संहिता म्हणतात. बाजारातील बहुतेक प्रणालींची संहिता ग्राहकास दाखविली जात नाही. त्याला केवळ वापराचा परवाना मिळतो. या प्रथेविरुद्ध अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि त्यातूनच पुढे १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. सध्या प्रचारात असलेली तिसरी आवृत्ती २००७ ची आहे. या परवान्याखालील प्रणाली कोणीही चालवावी, वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. अट एवढीच की, बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तिची संहिताही त्याच परवान्याखाली दिली पाहिजे. संस्थेने केवळ स्वतःच्या कामापुरते बदल केले, तर ते प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही. भारत सरकारनेही शासकीय कामकाजात मुक्त स्रोत प्रणालींचा अवलंब करण्याविषयीचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले आहे.

या लेखासाठी निवडलेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली मुंबईत जन्मली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या आणि आज ‘फ्रॅपे’ या नावाने परिचित असलेल्या कंपनीने ती घडविली. हिशेब, खरेदी, विक्री, साठा, उत्पादन आणि मालमत्ता ही अंगे तिच्यात एकत्र गुंफलेली आहेत. तिचा परवाना वर सांगितलेला तिसऱ्या आवृत्तीचाच आहे. ज्या पायाभूत चौकटीवर ती उभी आहे त्या ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ला त्याहूनही सैल असा एमआयटी परवाना लागू आहे.

परवाना विनामूल्य आहे, म्हणून सर्वच विनामूल्य आहे असे मात्र नव्हे. सर्व्हर, वीज, इंटरनेट, जाणता माणूस आणि बॅकअपची व्यवस्था यांचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो. अंदाजपत्रकात हा खर्च न धरता ‘फुकटात मिळते’ एवढ्याच आधारावर ठराव करणे आमच्या मते चुकीचे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी २४ एप्रिल २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ ही केंद्रीय प्रणाली आहे, आणि प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या योजनेखाली सामाईक राष्ट्रीय प्रणाली आहे. त्यांची जागा घेण्याचा येथे प्रश्न नाही. पुढील विवेचन आपली प्रणाली स्वतः निवडू शकणाऱ्या संस्थांसाठी आहे. उदाहरण म्हणून कांदा खरेदी करून चाळीत साठविणारी आणि सभासदांना खते-औषधे विकणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू.

उभारणी : भाग आणि त्यांचा क्रम

तयार डबाबंद स्वरूपातही ही प्रणाली मिळते, आणि कंपनीच्या सर्व्हरवर वर्गणी भरूनही वापरता येते. मूळ संहितेपासून उभारणी करण्यास वेळ अधिक लागतो. पण तसे केल्याने प्रत्येक भाग कोठे आहे, हिशेबाचा डेटा नेमका कोणत्या जागी साठतो, हे संस्थेला कळते आणि एक तंत्रज्ञ गेला तर दुसऱ्यास काम हाती घेणे सुकर होते.

पहिली पायरी सुसंगत आवृत्त्या निवडण्याची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली १५ वी आवृत्ती उदाहरणादाखल घेतली, तर तिला पायथॉन ३.१०, नोड १८, मारियाडीबी १०.६ आणि रेडिस ६ हे घटक लागतात. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीत पायथॉन आणि मारियाडीबी नेमक्या याच आवृत्त्यांचे मिळतात, नोड मात्र जुना मिळतो व तो वेगळा आणावा लागतो. पुढील आवृत्त्यांच्या मागण्या वेगळ्या आहेत. म्हणून ‘सर्वांत नवे ते सर्वांत चांगले’ असे न मानता, निवडलेल्या आवृत्तीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेलेच घटक घ्यावेत. उभारणी अर्ध्यावर अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण हीच विसंगती असते. दुसरे कारण अपुरी स्मृती. ४ जीबीपेक्षा कमी स्मृतीच्या सर्व्हरवर पडद्याच्या फाइली बांधण्याचे काम मध्येच तुटते.

दुसरी पायरी डेटाबेसची. मारियाडीबी बसविल्यावर तिच्या संरचनेत अक्षरसंच ‘युटीएफ-८ एमबी-४’ असा स्पष्टपणे नोंदवावा. मराठी वाचकांना याचे महत्त्व विशेष आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास युटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात काना, मात्रा आणि हलन्त धरून दहा चिन्हे असल्याने ते तीस बाइटांचे होते. अक्षरसंच लॅटिन राहिला तर सभासदाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात, आणि जे प्रश्नचिन्ह म्हणून साठले त्यातून मूळ नाव पुन्हा मिळत नाही.

यानंतर मुख्य काम. ते सर्वाधिकारी ‘रूट’ खात्यातून न करता त्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करून करावे. या प्रणालीच्या उभारणीसाठी ‘बेंच’ नावाचे साधन आहे. त्याच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत द्यावयाच्या असतात. येथे त्यांचा उच्चार तेवढा दिला आहे. ‘बेंच इनिट’ या आज्ञेने चौकटीची संहिता उतरवून घेतली जाते आणि एक कार्यपेटी तयार होते. या आज्ञेतच हवी ती शाखा, म्हणजे ‘व्हर्जन-१५’, नमूद करावी. ती न सांगितल्यास विकासकांची रोज बदलणारी शाखा उतरण्याचा संभव असतो व हिशेबाचे काम अशा शाखेवर करणे धोक्याचे आहे. ‘बेंच न्यू-साइट’ने संस्थेची साइट, म्हणजेच तिचा स्वतंत्र डेटाबेस आणि फाइलींची जागा निर्माण होते. ‘बेंच गेट-ॲप’ने ईआरपीनेक्स्टची संहिता त्याच शाखेची आणली जाते आणि ‘इन्स्टॉल-ॲप’ने ती साइटवर बसविली जाते. ‘बेंच स्टार्ट’ म्हणताच त्याच यंत्राच्या ८००० क्रमांकाच्या द्वारावर प्रवेशाचा पडदा दिसतो.

येथे अनेकांना काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः ही केवळ तालीम होय. दैनंदिन वापरासाठी ‘एनजिंक्स’ हा वेब सर्व्हर पुढे ठेवावा लागतो, वीज जाऊन आल्यावर सर्व प्रक्रिया आपोआप सुरू करणारा ‘सुपरवायझर’ हवा आणि सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही हवे. ‘बेंच सेटअप प्रॉडक्शन’ ही आज्ञा यातील पहिल्या दोन गोष्टी साधते. डेटाबेसचे द्वार बाहेरच्या जगास कधीही उघडे ठेवू नये.

छपाईचा एक बारीक मुद्दा. पावत्यांच्या पीडीएफ फाइली या आवृत्तीत ‘डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ’ या स्वतंत्र साधनाने तयार होतात. उबुंटूच्या भांडारातील त्याची प्रत अपुरी असून तीत पानाचे शीर्ष व तळटीप उमटत नाहीत; सुधारित ‘क्यूटी’सह बांधलेली प्रत बसवावी. शिवाय सर्व्हरवर देवनागरी टंक नसेल, तर पडद्यावर व्यवस्थित दिसणारी मराठी पावती छापताना रिकाम्या चौकटींची होऊन बाहेर पडते. टंक आधीच बसवून घेतल्यास ही नामुष्की टळते.

भारतीय वस्तू व सेवा कराच्या तरतुदी १४ व्या आवृत्तीपासून मुख्य प्रणालीत राहिलेल्या नाहीत. त्यासाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे वेगळे मुक्त ॲप बसवावे लागते. वेतनपत्रकाचा भागही तेव्हापासून ‘फ्रॅपे एचआर’ या स्वतंत्र ॲपमध्ये गेला आहे.

मांडणी : न फिरणारे निर्णय

उभारणीस एक-दोन दिवस लागतात. मांडणीचे परिणाम मात्र वर्षानुवर्षे टिकतात. प्रणाली प्रथम उघडताच ती देश, भाषा, चलन, कंपनीचे नाव, नावाचे संक्षिप्त रूप, खातेसूची आणि आर्थिक वर्ष विचारते. पाच मिनिटांत उरकता येतील असे हे प्रश्न दिसतात, आणि म्हणूनच तंत्रज्ञ ते एकट्याने उरकून टाकतो. संस्थेच्या संचालकांनी व लेखापालाने उपस्थित राहण्याची खरी वेळ हीच आहे.

संक्षिप्त रूप प्रत्येक खात्याच्या आणि गोदामाच्या नावास जोडले जाते, त्यामुळे ते विचारपूर्वक ठरवावे. खातेसूचीत लेखापरीक्षकास परिचित असलेली शीर्षे पहिल्यापासूनच असावीत. मालाचे मूळ परिमाणही असेच महत्त्वाचे. कांद्याची खरेदी क्विंटलने आणि किरकोळ विक्री किलोने होत असेल, तर मूळ परिमाण किलो ठेवून १ क्विंटल म्हणजे १०० किलो असे रूपांतर नोंदविणे सोयीचे. एखाद्या मालाचे व्यवहार सुरू झाल्यानंतर त्याचे मूळ परिमाण सहज बदलता येत नाही, आणि तो माल बॅचवार मोजावयाचा की नाही हेही नंतर बदलू दिले जात नाही. कीटकनाशकांच्या बाबतीत वापराची अंतिम मुदत पाहावी लागत असल्याने बॅचची नोंद पहिल्या दिवसापासूनच हवी.

चाळीतील घटीचे उदाहरण थोड्या विस्ताराने पाहू. समजा, मे महिन्यात कंपनीने २०० क्विंटल कांदा क्विंटलला १,५०० रुपये दराने घेतला. पुस्तकी साठा ३ लाख रुपयांचा झाला. ऑक्टोबरात चाळ उघडली, तेव्हा ओलावा सुकून व काही माल सडून १५० क्विंटल भरला. प्रणालीत ‘साठा मेळ’ या प्रपत्रावर प्रत्यक्ष वजन नोंदविले आणि दर १,५०० रुपयेच ठेवला, तर साठ्याचे मूल्य २ लाख २५ हजारांवर येते आणि ७५ हजार रुपये साठा-समायोजन खात्यात तोटा म्हणून आपोआप नावे पडतात. उलट दर २,००० रुपये केला, तर मूल्य ३ लाखच राहते व संपूर्ण घट उरलेल्या मालाच्या किमतीत सामावली जाते. यंत्राला दोन्ही सारखेच मान्य आहे. सभासदांना जाहीर होणाऱ्या नफ्यात मात्र त्या महिन्यापुरता ७५ हजारांचा फरक पडतो. स्वाभाविक घट किती मानावयाची आणि त्यापलीकडची तूट कोठे दाखवावयाची, याचा निर्णय लेखापरीक्षकाच्या सल्ल्याने संचालक मंडळानेच केला पाहिजे. संगणकासमोर बसलेल्या मुलावर तो सोडणे योग्य नव्हे.

पावतीचा अनुक्रमांक हीसुद्धा दुर्लक्षित राहणारी बाब. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ४६ प्रमाणे करपावतीचा क्रमांक १६ अक्षरांहून अधिक असू नये. ईआरपीनेक्स्टच्या मूळ पद्धतीचा विक्री-पावती क्रमांक ‘एसीसी’, ‘एसआयएनव्ही’, चार अंकी वर्ष आणि पाच अंकी अनुक्रम, मध्ये आडव्या रेघा, असा एकूण १९ अक्षरांचा होतो. पहिली पावती निघण्यापूर्वीच मालिका आखूड करून घ्यावी. ताजा कांदा करमुक्त आणि खते-औषधे करपात्र असल्याने आपल्या उदाहरणातील कंपनीस दोन मालिका ठेवणे इष्ट ठरेल.

प्रणालीतील प्रत्येक व्यवहारास कच्चा, पक्का आणि रद्द अशा तीन अवस्था असतात. कच्ची नोंद कितीही वेळा बदलता येते व तिचा हिशेबावर परिणाम होत नाही. पक्की केल्यावर मात्र तिची रक्कम खोडता येत नाही. ती रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते आणि त्या प्रतीच्या क्रमांकापुढे ‘-१’ लागते. जुन्या मुनिमांच्या शिस्तीत किर्दीतली चुकीची ओळ खरवडून न काढता उलट नोंद घालीत, त्याच शिस्तीचे हे यांत्रिक रूप होय. नोंद करणारा आणि ती पक्की करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. भूमिकांनुसार अधिकार देण्याची सोय प्रणालीत आहे, ती वापरावी. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या सर्वाधिकारी नावाने रोजचे काम कोणीही करू नये, अन्यथा कोणती नोंद कोणी केली याला अर्थच उरत नाही.

उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालील संस्था असल्याने येथे कायद्याचाही प्रश्न येतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरावयाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणे अनिवार्य झाले आहे. ‘इंडिया कम्प्लायन्स’मध्ये ती सोय आहे, पण ती चालू करावी लागते, आणि एकदा चालू केली की बंद करता येत नाही. मुक्त संहितेचा एक कठीण भागही येथे लक्षात घ्यावा. जो संहिता बदलू शकतो तो मागही पुसू शकतो. म्हणून सर्व्हरचा मूळ अधिकार हिशेब लिहिणाऱ्याच्या हाती कधीही देऊ नये.

जुन्या वहीतून नव्या प्रणालीत

आरंभीच्या शिलका १ एप्रिल या तारखेस घेणे सर्वांत सोयीचे. बँक, रोख, भागभांडवल, धनको, ऋणको आणि साठा या प्रत्येकाची शिल्लक प्रणालीतील ‘तात्पुरती आरंभ’ या खात्यासमोर घातली जाते. सर्व शिलका भरून झाल्यावर या खात्याची बाकी शून्य आली पाहिजे. ती शून्य नसेल तर एक तर काही राहिले आहे, नाही तर मागील ताळेबंदच जुळलेला नाही. आठवडाभर शोधाशोध करावी लागली तरी चालेल, पण ही बाकी ‘इतर’ खात्यात ढकलून पुढे जाऊ नये.

संस्थेला स्वतःच्या सोयीची जादा रकाने हवी असतात. सभासदाचा गट क्रमांक, चाळीचा क्रमांक इत्यादी. अशी रकाने पडद्यावरूनच वाढविता येतात, आणि त्याहून मोठे बदल स्वतंत्र ॲप लिहून करावेत. मूळ संहितेच्या फाइलींत हात घालण्याचा मोह तंत्रज्ञास टाळावयास सांगावे. पुढे ‘बेंच अपडेट’ आज्ञा दिली जाते तेव्हा मूळ भांडारातील नवी संहिता आणि स्थानिक फेरफार यांचा संघर्ष होतो, अद्ययावतीकरण थांबते, आणि मग सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही संस्थेपर्यंत पोहोचत नाहीत. मूळ संहितेत केलेली दहा ओळींची सोय संस्थेस वर्षानुवर्षे एकाच माणसाची बांधील करून ठेवू शकते. ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी हा खटाटोप केला तेच मागील दाराने परत येते.

किल्ल्या आणि प्रती

उभारणीच्या ओघात तीन परवलीचे शब्द निर्माण होतात : सर्व्हरवरील वापरकर्त्याचा, मारियाडीबीच्या सर्वाधिकाऱ्याचा आणि साइटच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा. चौथी किल्ली कोणाच्या लक्षात येत नाही. साइटच्या ‘साइट-कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये एक गुप्तलेखन-किल्ली असते. प्रणालीत साठविलेले ई-मेल खात्याचे व इतर सेवांचे परवलीचे शब्द तिच्याविना उलगडत नाहीत. या चारही गोष्टी मोहोरबंद लिफाफ्यात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवाव्यात, आणि तंत्रज्ञ बदलला की पहिले तीन शब्द बदलून नवा लिफाफा करावा.

बॅकअप प्रणाली स्वतःच घेते. परंतु मूळ मांडणीत शेवटच्या तीनच प्रती ठेवल्या जातात व त्याही त्याच सर्व्हरवर. चकती जळाली तर हिशेब आणि त्याच्या प्रती एकाच वेळी जातात. ‘बेंच बॅकअप’ या आज्ञेत फाइलींचाही समावेश करण्याची सूचना द्यावी लागते. ती न दिल्यास डेटाबेसची प्रत मिळते, पण जोडलेल्या बिलांच्या व वजनपावत्यांच्या छायाप्रती राहून जातात. कंपन्यांच्या बाबतीत २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशी प्रत दररोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणे आवश्यक आहे, आणि हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात.

घेतलेली प्रत परत उभी राहते की नाही, हे मात्र कोणतीही आज्ञा आपणहून सांगत नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा तरी दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्याच आवृत्तीची कोरी उभारणी करावी, आदल्या दिवशीची प्रत ‘बेंच रिस्टोअर’ने तेथे उतरवावी आणि गुप्तलेखन-किल्ली नव्या साइटच्या फाइलमध्ये घालावी. शक्य तर हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाऐवजी दुसऱ्याकडून, तिजोरीतील लिफाफा उघडून, करवून घ्यावे. त्यानंतर लेखापालाने ती प्रत घेतली त्या तारखेची तेरीज दोन्ही संगणकांवर काढावी, चार-दोन जुन्या पावत्या जोडपत्रांसह उघडून पाहाव्यात आणि दोन्ही तेरजांच्या बेरजा पैशापर्यंत जुळल्यावर चाचणीची तारीख संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवून लिफाफा पुन्हा मोहोरबंद करावा.